रकाना नऊ

टेपचं एक टोक साहेबांच्या बुटाखाली,
दुसरं माझ्या मुठीत.
कयाधूच्या वळणावर, जिथं हिंगोलीचा नाला
काळा होऊन उतरतो,
आम्ही नदीकाठ मोजत होतो.
पदपथ अडीच मीटर. रेलिंग. दिवे.
सेल्फी पॉइंट एक.

तक्त्यातला रकाना नऊ :
'जागेवरील धार्मिक वास्तू, असल्यास.'
साहेबांनी मान फिरवून पाहिलं.
बेशरमाची झुडपं, गुटख्याच्या पुड्या, एक करंज,
पाण्यात बसलेली कुणाचीतरी म्हैस.
"लिही, निरंक."

मी लिहिलं.
माझं अक्षर चांगलं आहे,
त्यावरच तर लागलोय कंत्राटावर.

आणि म्हशीच्या पलीकडं, लव्हाळ्यात,
घोटाभर गाळात
साती जणी होत्या. मला माहीत होतं.
माझं जावळ तिथंच काढलंय.
हजेरीपटावर मी नुसता 'एस. सी. बुरकुले'.
आम्ही आंध, हे ऑफिसात कुणी विचारलं नाही,
मीही कधी सांगायला गेलो नाही.

हरकतींची मुदत तीस दिवस.
सत्ताविसाव्या दिवशी धुरपता मावशी आली,
मागं एकेचाळीस माणसं,
कळमनुरीकडची, औंढ्याकडची,
काही इथलीच, हळदीच्या यार्डातून थेट आलेली,
कोपरापर्यंत पिवळी.
मला तिनं ओळख दिली नाही.
कुठं काम करतो, तिला ठाऊक होतं.

अंगठ्याचं पॅड वाळून खडंग.
बाबू म्हणाला, उद्या या.
मावशीनं पिशवीतून बाटली काढली,
नदीचं पाणी, जरासं हिरवट,
पॅडवर ओतलं, हातानं चोळलं.
एकेचाळीस अंगठे उठले,
फिक्के, पण उठले.

मग स्थळपाहणी.
साहेब वाईट नव्हते. म्हणाले,
"चबुतरा देऊ, टाइल्स लावून. वर शेड.
साती एका रांगेत बसवू."
मावशी हसली, दात नसलेलं.
"आसरा हायत त्या, साहेब.
त्याइला बसवत नसतेत.
पूर आला की जातेत, हिंडतेत,
उतरल्यावर आमी धुंडतो.
औंदा करंजाखाली, गेल्या साली पार तकडं, पुलाजवळ."

"म्हणजे नेमकं स्थान नाही?"
नकाशा पुढं केला. पेन्सिल दिली.
"एक टिंब द्या, आजी. टिंबाला संरक्षण मिळेल."

पेन्सिल तिनं पदराला खोचली.
आणि पंजा ठेवला कागदावर,
पुलापासून स्मशानाच्या पायऱ्यांपर्यंत
सगळं वळण झाकलं गेलं,
पार्किंगसुद्धा.
"हे," म्हणाली.
पुढं बराच वेळ हात काढलाच नाही.
म्हैस उठली, अंग झाडलं,
साहेबांच्या शर्टावर चार शिंतोडे.

संध्याकाळी ऑफिसात मी एकटा.
रकाना नऊ दोन बोटं रुंद.
त्यात पंजा कसा मावणार?
खाडाखोड चालत नाही,
चूक झाली तर एक रेघ, शेजारी दुरुस्ती,
आणि पूर्ण सही. तसा नियमच आहे.
मी 'निरंक'वर रेघ मारली.
लिहिलं, 'वळण. पूर्ण.'
सही केली : सोपान चंपत बुरकुले.
एवढ्या सावकाश
शाळेतसुद्धा नाव लिहिलं नव्हतं.

फाईल वर गेलीय. खाली आलेली नाही.
माझं कंत्राट मार्चपर्यंत.

काल पूर ओसरला.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो.
गाळ अजून थंड. नाल्याचा वास, त्यातच कुठूनतरी हळदीचा.
डोळ्यांनी शोधायचं नसतं, पायांनी शोधायचं,
तळव्याला गुळगुळीत लागलं की थांबायचं,
वाकायचं, आधी माफी मागायची.
सहा सापडल्या.
मावशी पलीकडून ओरडतेय,
"आरं, तितं नको, जरा खाली सरक,
दांडगी हाय धाकली, लांब जाती."

मी सरकतोय.